वहिनींना तू सांगणार होतास

किसन, तुझ्या पोटऱ्यांवरचे ओरखडे अजून लालच होते. आणे गावी तुझ्या अंगणात तुला शेवटची आंघोळ घालायला घेतलं, संतोषनं तुझा लेंगा वर सरकवला आणि त्याचा तांब्या हातातच राहिला. दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत रेघाच रेघा. टाचेला फुटलेला फोड. मानेची कातडी उन्हानं सोलवटलेली. बापाच्या पायांवरून त्याची नजर उठली ती थेट माझ्यावर आली. त्या गर्दीत ओरखड्यांचं कारण फक्त मला माहीत होतं. आणि मी तुला शब्द दिला होता.

मला हे सगळं अजून खरं वाटत नाही. आदल्या संध्याकाळी तू जुन्नरला माझ्या घरी पाय पसरून ताकाचे पेले रिचवत बसला होतास. सकाळी मी दाढीला बसलो होतो तेव्हा फोन वाजला. तुझा संतोष म्हणाला, "चाचा, आप्पा गेलं." मी विचारलं, "कुठं गेला?" खरंच विचारलं, किसन. मला वाटलं, हा बाबा परत डोंगराला गेला. पलीकडून पोराचं रडणं ऐकू आलं तरी मी फेस लावलेल्या तोंडानं तेच विचारत होतो, "अरे, पण कुठं गेला?"

आपण दोघांनी एसटीची जुन्नर-हातवीज मुक्कामी गाडी किती वर्षं केली ते मोजायला आता मन होत नाही. तू स्टेअरिंगवर, मी कंडक्टर मास्तर, घंटीवर. संध्याकाळी जुन्नर सोडायचं, डोंगरातल्या शेवटच्या गावात गाडी लावायची, तिथंच मुक्काम करायचा आणि सकाळी परत. सकाळी इंजिन गरम होईपर्यंत तू चहाचा पेला घेऊन गाडीसमोर उभा राहायचास. जवळ दुर्गचा डोंगर, लांब उत्तरेला ढाकोबा, आणि दोघांच्या मधली ती लांबच लांब कड, जिच्यापलीकडं कोकण एकदम खाली कोसळतं. तू पठारावरचा माणूस. "आमच्या आण्याला उंच म्हंजी पाण्याची टाकी," असं म्हणायचास. "एक दिस ह्या टोकावरनं त्या टोकाला जायचं, मास्तर. वरनं आपला रस्ता कसा दिसतो ते बघायचंय."

मी म्हणायचो, जायचंच तर हिवाळ्यात जा. तू ऐकायचा नाहीस. पावसाळ्यात धुकं, हिवाळ्यात गवत उभं, झाडी दाट. "उन्हाळ्यात समदं उघडं पडतं. वळणन् वळण दिसंल." ज्या रस्त्यानं तुझी कंबर मोडली तोच रस्ता तुला वरून बघायचा होता. नोकरीत असताना गाडी सोडून जाता आलं नाही. रिटायर झालास तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते आणि बीपीची गोळी सुरू झाली होती. सिंधूवहिनींना तू एकदा विचारून बघितलंस. त्या चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "डोंगरात जायचं आसंल तर मी मेल्यावर जा," एवढंच म्हणाल्या.

मग यंदा, वैशाखाच्या ऐन उन्हात, तू माझ्याकडं आलास आणि सांगितलंस की जातोय, आणि एकटाच जातोय. मी म्हटलं, मी येतो. माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत.

"नको."

"का नको?"

"तू आलास की घंटी मारशील. थांब म्हणशील, निघ म्हणशील. जलमभर तुझ्या घंटीवर थांबलो आन् निघालो, मास्तर. एक दिस माझा मी थांबंन."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं मी समजत होतो की ती गाडी आपण दोघं मिळून चालवतो. तुला ते असं वाटत होतं? की तू नुसती थट्टा केलीस? नंतर निवांत विचारू म्हणून मी ते बाजूला ठेवलं. अजून बाजूलाच आहे.

घरी काय सांगणार, म्हटलं तर तू खुशाल म्हणालास, "तुझ्या भाच्याचं लगीन हाय म्हणून सांगितलंय." माझ्या भाच्याला दोन लेकरं आहेत, किसन. तू त्याचं परस्पर दुसरं लग्न लावून टाकलंस. मी चिडलो. वहिनींना कळलं तर त्या मला दारात उभं करणार नाहीत, म्हणालो. तू माझा हात धरलास. "तू सांगू नको. जाऊन आलो की मीच सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो. शब्द दे." मी दिला. तुला नाही म्हणायची सवयच नव्हती मला, घंटी हातात असली तरी.

संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं तू गेलास, प्रवासी म्हणून. सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा तुझा फोन आला. वाऱ्यानं अर्धे शब्द उडत होते. "मास्तर, दुर्गवर हाय! गाडी निघाली बघ! आपली गाडी! काडेपेटीएवढी दिसतीय! आता वळणावर... आता दुसरा टाकला त्यानं... आरं, लवकर टाक की!" कुठल्या तरी नव्या ड्रायव्हरला तू डोंगरावरून गियर बदलायला सांगत होतास. मी म्हटलं, पाणी पीत राहा, टोपी घाल. तू म्हणालास, "ऐक," आणि फोन वाऱ्यात धरलास. मला नुसती घरघर ऐकू आली. मी म्हणालो, "काही ऐकू येत नाही, ठेव आता, बॅटरी जाईल."

त्यानंतर दिवसभर फोन लागला नाही. कडेला रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी मी घरात-बाहेर करत राहिलो. बाजारात गेलो आणि आमच्या जुबेदानं सांगितलेलं सोडून भलतंच घेऊन आलो. उन्हानं जुन्नरचा रस्ता भाजून निघत होता. लेण्याद्रीच्या बाजूचे डोंगरसुद्धा धुरकट दिसत होते. मी मनात तुला शिव्या घालत होतो आणि मधेच जुनं काहीबाही आठवत होतं. रोज्यांच्या दिवसांत आपली गाडी घाटात असायची तेव्हा सूर्य बुडायचा. तू घंटी न वाजता गाडी कडेला घ्यायचास. बॉनेटवर थाप मारून प्रवाशांना सांगायचास, "गाडी गरम झालीया, पाच मिन्टं थांबू." सगळ्या गाडीला ठाऊक होतं काय गरम झालंय ते. मागच्या बाया गुपचूप केळी पुढं सरकवायच्या. मी खजूर तोंडात टाकून पाणी प्यायलो की तू आरशात बघायचास आणि स्टार्टर मारायचास. त्याबद्दल मी तुला एकदाही काही बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची रीतच नव्हती.

आणि दिवस कलताना तू दारात उभा. लालबुंद, शर्ट मिठानं पांढरा झालेला, पायात काटे. जुबेदानं कपाळावर हात मारला. "भाऊ, ये क्या हाल करके आये?" तू नुसता हसत होतास. असं हसताना तुला मी संतोष जन्मला तेव्हा पाहिलं होतं.

ताक पिता पिता तू सगळं सांगितलंस. दुर्ग उतरून तू कडेकडेनं निघालास. पुढं झाडीत पायवाट फुटली आणि तू चुकीची धरलीस. करवंदीच्या जाळ्यांत असा अडकलास की मागं फिरणंही अवघड झालं. तिथं ओरखडले पाय. कसाबसा बाहेर पडलास तर समोर हिरडे गोळा करणारी एक म्हातारी. डोक्यावर पाटी, हातात काठी. तिनं तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोन रं तू? उन्हाचं मराया आलास का?"

"न्हाई आजी, ढाकोबाला चाललोय."

"तू मुक्कामी गाडीचा डायवर न्हाई का?"

तू छाती फुगवून हो म्हणालास. वाटलं, म्हातारी आता तुझं कौतुक करणार. ती म्हणाली, "मेल्या, माझी हिरड्याची पाटी खाली ऱ्हायली आन् तू गाडी हाकलली व्हतीस. आख्खं स्टँड डोक्यावर घेतलं म्या वरडून. याद हाय मला." तू तिला सांगितलंस की घंटी मास्तरनं मारली, ड्रायव्हरचा त्यात काही दोष नाही. ती म्हणाली, "मग त्या मास्तरला आन इकडं." एवढं बोलून तिनं तुला पाणी पाजलं आणि पार ढाकोबाच्या देवळापर्यंत वाट दाखवत आली. सगळ्या वाटेनं शिव्या घालत.

हे सांगताना तू इतका हसलास की तुला ठसका लागला. जुबेदा आतून पाठ चोळायला आली.

मग तू पेला खाली ठेवलास. देवळापासून वरचा चढ उघडा, सावली कुठं नाही. चार पावलं टाकायची, टेकायचं, असं करत तू ढाकोबाच्या डोक्यावर पोचलास. कडेपाशी जाऊन पोटावर पडलास आणि खाली बघितलंस. "मास्तर, कोकण लई लांब खाली हाय. धुरात बुडालेलं. कुठंतरी भातासाठी राब भाजलेली काळी वावरं दिसत्यात, बाकी कायबी कळत न्हाई. आन् माझा उजवा पाय आपोआप दाबला जात व्हता. ब्रेकवर. तिथं पालथा पडून ब्रेक दाबतोय मी!" तू पाय दाबून दाखवलास, आमच्या फरशीवर.

"भीती वाटली का?" मी विचारलं.

"वाटली. मग गेली. मग वाटलं, सिंधूला सांगायला पायजे व्हतं."

जुन्नरकडच्या आंबोली गावाच्या बाजूनं तू उतरलास, तिथून गाडी धरून जुन्नरला आलास. जुबेदा राहा म्हणत होती. तू ऐकलं नाहीस. शेवटची गाडी धरायची होती. स्टँडवर मी विचारलं, "मग आज सांगणार?"

"आज नको. आज सांगितलं तर झोपायची न्हाई. सकाळी चहाला सांगतो."

गाडीच्या पायरीवरून तू हे म्हणालास. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी निघाली.

सकाळी तू उठलास. तोंड धुवायला मोरीपाशी गेलास. वहिनी आत चहा टाकत होत्या. त्यांनी तांब्या पडल्याचा आवाज ऐकला. आळेफाट्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. आण्याला येताना मी वाटेत तिथं उतरलो, त्यांना बाजूला घेऊन विचारलं की कालच्या उन्हामुळं, चालण्यामुळं झालं का. ते म्हणाले, असेल. खुर्चीत बसलेल्या माणसालाही होतं. नक्की सांगता येत नाही, म्हणाले. किसन, मी जन्मभर तिकिटं फाडली, कुठून कुठपर्यंत ते त्यावर स्पष्ट असायचं. हे असं अधांतरी उत्तर मी कुठं ठेवू?

मी आण्याला पोचलो तेव्हा वहिनी ओसरीवर बायांच्या गराड्यात बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी हंबरडा फोडला. "रफीकभाऊ, लग्नावरनं आला तर कसा हसत व्हता वो! काय खाल्लं तिथं? काय घातलं खायाला?" त्यांच्या मनात काही नव्हतं. पण शेजारच्या बायांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी मान खाली घातली. आणि थोड्या वेळानं अंगणात संतोषचा तांब्या हवेत थांबला.

"चाचा, आप्पांच्या पायाला काय झालं?"

मी बोलायच्या आत तुझा थोरला मेहुणा पुढं आला. खाली वाकून त्यानं तुझे पाय बघितले, दंड बघितले. "हे मारल्याचं हाय. काटेरी काठीनं मारलंय कुनीतरी. काल कुठं व्हतं दाजी?"

"ह्यांच्याकडं. लग्नाला," कुणीतरी म्हणालं.

मेहुणा माझ्याकडं बघून बोलला नाही. हवेत बोलला. "पोलिसात कळवाया पायजे. त्याशिवाय उचलायचं न्हाई."

ती माणसं मला ओळखत होती, किसन. तुझ्या घरच्या प्रत्येक लग्नाला मी पंगतीत वाढायला होतो. तरी त्या घटकेला माझ्या आजूबाजूला जागा मोकळी झाली. दोन पावलं मागं सरकली माणसं, बस्स. तोंड उघडलं तर तुझा शब्द मोडतो, नाही उघडलं तर तुला दवाखान्यात परत नेऊन चिरतील. आणि उघडलं तरी त्या भरल्या अंगणात, मेहुण्याला उत्तर म्हणून? ते वहिनींना असं कळावं?

मी संतोषला म्हणालो, "आधी तुझ्या आईशी बोलू दे." आणि उत्तराची वाट न बघता ओसरीची पायरी चढून बायांच्या मधे गेलो. त्यांच्यासमोर खाली बसलो.

"वहिनी, लग्न नव्हतं."

त्यांचं रडणं थांबलं.

"तो डोंगरावर गेला होता. दुर्गवरून ढाकोबाला. आज सकाळी चहाला तुम्हाला सांगणार होता."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता थोबाडीत मारतील. मारायला पाहिजे होतं. त्यांनी विचारलं, "संगं कोन व्हतं?"

"कोणी नाही. एकटाच."

"प्यायला पाणी नेलं व्हतं?"

"नेलं होतं."

वहिनी उठल्या. बाया धरायला लागल्या तर त्यांनी हात झटकले. अंगणात तुझ्यापाशी आल्या, वाकल्या, तुझ्या पोटरीवरून बोट फिरवलं. एक काटा आत राहिला होता. नखांनी धरून त्यांनी तो उपसला. मग सरळ उभ्या राहून भावाला म्हणाल्या, "मारलं न्हाई कुनी. डोंगरावर गेला व्हता माझा मालक. करवंदीनं ओरबाडलंय. घाला पाणी."

मेहुणा काहीतरी पुटपुटला. त्यांनी परत सांगितलं, "घाला पाणी म्हणलं ना."

संतोषनं पाणी घातलं. तुला उचललं तेव्हा त्यानं मला हाक मारली, "चाचा, हिकडं या, आप्पांच्या उजव्या अंगाला." मी खांदा दिला. पण त्याआधी वहिनी आत जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या ते तुला सांगायलाच हवं. त्या म्हणाल्या, "तुमाला सांगितलं. मला न्हाई."

दहाव्यापर्यंत मी आण्याला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? दहाव्याला गेलो. सगळं उरकलं, पाहुणे पांगले, मी चप्पल घालत होतो तर संतोष आला. आईनं बोलावलंय म्हणाला. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मला म्हणाल्या, "आता सांगा. पयल्यापास्नं. कायबी गाळू नका."

मी सांगितलं. काडेपेटीएवढी गाडी सांगितली. झाडीत चुकलास ते सांगितलं. म्हातारीच्या शिव्या सांगितल्या तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला; मला वाटलं रडतायत, तर हसत होत्या. "बरं केलं बाईनं," म्हणाल्या. ढाकोबाच्या कडेवर पालथा पडून तू ब्रेक दाबलास ते सांगितलं, तर म्हणाल्या, "झोपंतबी दाबायचा. नडगी काळी पडायची माझी." मधेच मला अडवायच्या. "न्हाई, असं न्हाई म्हणला आसंल. 'लई' म्हणला आसंल." मी म्हणायचो, हो, 'लई'च म्हणाला. तुझा आवाज त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

"सिंधूला सांगायला पायजे व्हतं" हे तुझं वाक्य मी शेवटी सांगितलं. मग मीच विचारलं, राहवलं नाही म्हणून. "वहिनी, त्यानं सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?"

"न्हाई," त्या लगेच म्हणाल्या. "कवाच जाऊ दिलं नसतं. दारात आडवी पडले असते. तरीबी तो गेला असता, त्याला वळखत न्हाई का मी. आन् सकाळी चहाला त्यानं सांगितलं असतं ना, तर आसं भांडले असते, आसं भांडले असते त्याच्याशी, की आख्ख्या आण्यानं ऐकलं असतं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एवढं एक भांडण व्हतं माझं, रफीकभाऊ. तेवढं करून तरी जायचं."

तू असतास ना किसन, तर ऐकून घेतलं असतंस, पाय चोळत, आणि त्या बोलत राहिल्या असत्या.